मानव की यंत्र? शासकीय अवकाश संशोधनातील अग्रक्रमांची चिकित्सा : महाराष्ट्रातील विज्ञानसंस्थांच्या संदर्भात

प्रस्तावना

१५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून भारताच्या मानवी अवकाशमोहिमेची घोषणा करण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘गगनयान’ कार्यक्रमास ९,०२३ कोटी रुपयांची मान्यता दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये या कार्यक्रमाची व्याप्ती वाढविण्यात आली व त्याचा एकूण खर्च २०,१९३ कोटी रुपये निश्चित झाला. २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय नागरिक, अशी उद्दिष्टे शासनाने पुढे ठेवली आहेत. याच कालखंडात २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ‘आदित्य एल-१’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावले. या दोन्ही मोहिमांत एकही मनुष्य नव्हता. त्यामुळे सार्वजनिक पैसा माणसाला अवकाशात पाठविण्यासाठी खर्च करावा की यंत्रांना, हा जुना प्रश्न भारतात नव्याने उपस्थित झाला आहे.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला राष्ट्राभिमान असतो, तर दुसऱ्या टोकाला देशातील दारिद्र्याची आठवण. या दोन्ही भूमिका मूळ प्रश्न टाळतात. अवकाश कार्यक्रम असावा हे एकदा मान्य केल्यानंतर त्याच्या अंतर्गत कोणत्या कामास आधी हात घालावा, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या वादातील दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांची तपासणी करण्यात आली असून, महाराष्ट्रातील विज्ञानसंस्थांच्या अनुभवाच्या आधारे ‘मानव विरुद्ध यंत्र’ ही मांडणी अपुरी का ठरते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. मोहिमेत माणूस आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या हेतूने हाती घेतली आहे व त्या हेतूच्या कसोटीवर ती उतरते का, हे अग्रक्रम ठरविताना महत्त्वाचे ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

साराभाईंची भूमिका व तिचा सोयीस्कर वापर

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस आपली भूमिका स्पष्ट केली होती. चंद्र, ग्रह किंवा मानवी अवकाशउड्डाण या क्षेत्रांत संपन्न राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची कोणतीही कल्पनारम्य आकांक्षा आपल्याला नाही; मात्र समाजाच्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लागू करण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, असा तिचा आशय होता. दळणवळण, हवामान आणि साधनसंपत्तीचे सर्वेक्षण यांना पुढील दोन-तीन दशके जे प्राधान्य मिळाले, त्याचे मूळ या भूमिकेत आहे. पुण्यात जन्मलेले व घन इंधनाच्या क्षेत्रात मूलभूत कार्य करणारे वसंत गोवारीकर हे याच पिढीचे प्रतिनिधी होत.

गगनयानाचे टीकाकार साराभाईंच्या या भूमिकेचा वारंवार आधार घेतात. परंतु त्यात एक विसंगती आहे. साराभाईंनी मानवी उड्डाणाबरोबरच चंद्र आणि ग्रह यांनाही वगळले होते. त्यांची भूमिका शब्दशः स्वीकारायची तर २००८ चे चांद्रयान-१, २०१३ चे मंगलयान आणि चांद्रयान-३ ही तिन्ही त्याज्य ठरतात. यंत्रमोहिमांचा पुरस्कार करताना साराभाईंना साक्षीला बोलावायचे आणि त्यांनीच नाकारलेल्या चांद्रमोहिमांचा गौरव करायचा, हे तर्कदृष्ट्या टिकणारे नाही.

दुसऱ्या बाजूला, धोरणात बदल कसा झाला हेही पाहणे आवश्यक आहे. एप्रिल १९८४ मधील राकेश शर्मा यांचे उड्डाण सोव्हिएत यानातून झाले. ती भारताच्या स्वतःच्या कार्यक्रमाची पायरी नव्हती. नोव्हेंबर २००६ मध्ये बंगळूर येथे झालेल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत मानवी मोहिमेस अनुकूल मत व्यक्त झाले. जानेवारी २००७ मध्ये कक्षेत पाठविलेली कुपी सुखरूप परत आणण्यात आली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मानवी कुपीच्या प्रतिकृतीची चाचणी झाली. तंत्रज्ञान टप्प्याटप्प्याने पुढे सरकत राहिले, परंतु साराभाईंनी घालून दिलेला ‘कशासाठी?’ हा प्रश्न तेवढ्याच स्पष्टपणे पुन्हा विचारला गेला नाही. साराभाईंच्या भूमिकेतून आज घेण्यासारखा भाग हा प्रश्न होय. त्यांनी केलेली वर्ज्य विषयांची यादी नव्हे.

यंत्रपक्षाचा युक्तिवाद : बळ आणि मर्यादा

यंत्रमोहिमांच्या समर्थकांचा पहिला मुद्दा खर्चाचा आहे. माणसासाठी हवा, पाणी, तापमान, किरणोत्सर्गापासून संरक्षण आणि सुखरूप परतीची व्यवस्था लागते. यंत्राला परत आणावेच लागते असे नाही. पृथ्वीभोवतालच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांचा शोध लावणारे जेम्स व्हॅन ॲलन यांनी २००४ मध्ये मानवी अवकाशउड्डाण कालबाह्य झाले आहे काय, असा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. अवकाशविज्ञानातील बहुतेक मोठे शोध मानवरहित यानांनी लावले, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

दुसरा मुद्दा अपयशाच्या किमतीचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ हा अवतरक चंद्रावर आदळला. त्या अपयशाचे विश्लेषण करून चार वर्षांच्या आत भारत पुन्हा चंद्रावर उतरला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचे क्षीण संकेत पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने टिपले. ते यान कोसळले, तरी त्याने उतरताना पाठविलेली माहिती पुढील अभ्यासास उपयोगी पडली. याउलट १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणाऱ्या ‘कोलंबिया’ दुर्घटनेनंतर अमेरिकेची शटल उड्डाणे जुलै २००५ पर्यंत बंद राहिली. हबल दुर्बिणीची नियोजित दुरुस्तीमोहीमही जानेवारी २००४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव रद्द झाली. ती पुढे पुनरुज्जीवित होऊन २००९ मध्ये पार पडली. मानवी मोहिमेतील अपघाताचा परिणाम त्या मोहिमेपुरता मर्यादित राहत नाही, विज्ञानाचे वेळापत्रकही त्यात अडकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तथापि यंत्रपक्षाचा युक्तिवाद सर्वत्र सारखा लागू पडत नाही. डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो-१७’ च्या दोन अंतराळवीरांनी तीन दिवसांत चंद्रावर सुमारे ३५ किलोमीटरचा प्रवास केला आणि ११० किलोग्रॅमच्या आसपास नमुने जमविले. त्यांच्यातील हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक होते. मंगळावरील ‘ऑपॉर्च्युनिटी’ या बग्गीला सुमारे ४५ किलोमीटर अंतर कापण्यास चौदा वर्षे लागली. अपोलोच्या सहा अवतरणांतून एकूण ३८२ किलोग्रॅम चांद्रनमुने आले. सोव्हिएत संघाच्या तीन स्वयंचलित ल्यूना यानांनी आणलेली माती सगळी मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास होती. मंगळावरील बग्ग्यांच्या मोहिमेचे वैज्ञानिक प्रमुख स्टीव्ह स्क्वायर्स हेच मानवी मोहिमांचे समर्थक आहेत, ही बाब यंत्रपक्षाने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

अर्थात ही तफावत कमी होत चालली आहे. चीनच्या ‘चांग-ई-५’ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणि ‘चांग-ई-६’ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडील बाजूचे १,९३५ ग्रॅम नमुने मानवाविना आणले. भारताच्या ‘चांद्रयान-४’ चे उद्दिष्टही हेच असून त्यासाठी २,१०४ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. तेव्हा घटनास्थळी तत्काळ निर्णय घेण्याची माणसाची क्षमता अजून अतुलनीय असली, तरी तिचे मोल प्रत्येक दशकात नव्याने मोजावे लागते.

मानवपक्षाचा युक्तिवाद : विज्ञानाच्या नावाखाली दुसरेच काही

मानवी मोहिमांच्या समर्थनार्थ हबल दुर्बिणीचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिचा दृष्टिदोष दूर केला नसता तर तिची कामगिरी फारच मर्यादित राहिली असती, हे खरे आहे. परंतु सूर्य-पृथ्वी प्रणालीतील एल-१ बिंदूवर असलेल्या आदित्यापर्यंत कोणताही अंतराळवीर दुरुस्तीसाठी जाणार नाही. गगनयानाची कक्षा पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर नियोजित आहे. त्यामुळे हबलचा दाखला भारतीय संदर्भात फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरा मुद्दा उद्योगविकासाचा आहे आणि तो महाराष्ट्राच्या जवळचा आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी घन इंधन मोटारींची कवचे तयार होतात. विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ इंजिने घडविली जातात. मानवी उड्डाणासाठी आवश्यक असलेल्या कठोर गुणवत्तेचा लाभ अशा कारखान्यांना होतो, या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र चांद्रयान-३ ला नेणारा ‘एलव्हीएम-३’ हाच प्रक्षेपक मानवी वाहतुकीयोग्य करून गगनयानासाठी वापरला जाणार आहे. याचा अर्थ असा की, औद्योगिक पाया दोन्ही मार्गांनी विस्तारतो. केवळ मानवी मोहिमेनेच विस्तारतो असे नाही.

तिसरा मुद्दा प्रेरणेचा. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वास्तव्य केले आणि राकेश शर्मा यांच्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी भारतीय नागरिक अवकाशात गेला. त्या वेळी शाळा-महाविद्यालयांत दिसलेला उत्साह नाकारता येणार नाही. परंतु २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चे अवतरण पाहताना देशभर जे वातावरण होते, तेही त्याहून कमी नव्हते, आणि त्या यानात कोणीही नव्हते. माणसाशिवाय मोहीम लोकांच्या मनाला भिडत नाही, हे गृहीतक त्या सायंकाळी तरी खोटे ठरले.

चौथा मुद्दा राष्ट्राच्या सामर्थ्याचा आहे, आणि तोच बहुधा खरा आहे. स्वबळावर माणूस अवकाशात पाठवून परत आणणे हे सोव्हिएत संघ (व नंतर रशिया), अमेरिका आणि चीन यांनाच साधले आहे. भविष्यात अवकाश स्थानके व चंद्रावरील वसाहती यांविषयीचे नियम ठरतील तेव्हा हे सामर्थ्य असलेल्या देशांच्या मताला वजन असेल, असा विचार करणे गैर नाही. मात्र हा राजनैतिक व तांत्रिक सामर्थ्याचा हेतू आहे, विज्ञानाचा नव्हे. तो उघडपणे मान्य केला तर गगनयानाचे मूल्यमापन न्याय्य रीतीने होऊ शकते. तो विज्ञानाच्या आवरणात मांडला की गगनयानालाही न्याय मिळत नाही आणि विज्ञानालाही नाही. गगनयानाच्या मानवरहित चाचणीत ‘व्योममित्र’ हा मानवसदृश यंत्रमानव पाठविण्याची योजना आहे. माणसाच्या आसनावर प्रथम यंत्राने बसावयाचे असल्याने ‘मानव की यंत्र’ या विभागणीची रेषा किती पुसट आहे, हेही येथे ध्यानात येते.

भागाकाराची फसवी सोय

या वादात एक सोपे गणित वारंवार मांडले जाते. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता; म्हणजे गगनयानाच्या रकमेत अशी बत्तीस याने पाठविता आली असती. ‘ॲस्ट्रोसॅट’ या वेधशाळेचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये होता. त्या हिशेबाने हा आकडा शंभराच्या पुढे जातो. हे गणित आकर्षक असले तरी दोन कारणांनी फसवे आहे.

पहिले कारण असे की, एका शीर्षाखाली नाकारलेला निधी आपोआप दुसऱ्या शीर्षाखाली जात नाही. गगनयान रद्द झाल्यास तेवढी रक्कम खगोलविज्ञानाला मिळेल अशी कोणतीही हमी नाही. तसेच मानवी मोहिमेमुळे विज्ञानाचाही निधी वाढेल, अशीही हमी नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात नासाच्या विज्ञान विभागाची तरतूद जवळजवळ निम्म्यावर आणण्याचे सुचविले होते, तर चंद्र व मंगळ यांवरील मानवी मोहिमांसाठी अधिक रकमेची मागणी होती. प्रस्ताव म्हणजे अंतिम तरतूद नव्हे. परंतु विज्ञानाच्या निधीला स्वतंत्र संरक्षण नसेल तर काय घडू शकते, याची ती सूचना आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वैज्ञानिक उपग्रहासाठी पैशाइतकीच कुशल माणसे, चाचणीच्या सुविधा, प्रक्षेपकातील जागा आणि वेळ लागतो. हे सर्व घटक मर्यादित आहेत आणि ते कोटींच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्यामुळे वर्षाला सुमारे १३,४०० कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पातून (२०२५-२६) कोणाच्या वाट्याला किती रुपये आले, एवढ्यावर न थांबता अभियंत्यांच्या श्रमाची किती वर्षे कोणत्या कामाला दिली गेली, असेही विचारले पाहिजे.

महाराष्ट्रातील अनुभव : ॲस्ट्रोसॅट, आदित्य आणि ‘दक्ष’

पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, अर्थात ‘आयुका’, १९८८ मध्ये स्थापन झाले. मे २०२५ मध्ये निधन पावलेले जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक-संचालक होत. विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांना उच्च प्रतीच्या संशोधनाची दारे खुली करणे हा या संस्थेचा मूळ हेतू होता. ही संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅटच्या उपकरणांत मोठा वाटा आहे.

पाच वर्षांच्या अपेक्षित आयुर्मानापेक्षा कितीतरी अधिक काळ चाललेल्या या वेधशाळेने दिलेले फलित विचारात घेण्यासारखे आहे. ९.३ अब्ज प्रकाशवर्षे अंतरावरील दीर्घिकेतून येणारी तीव्र अतिनील किरणे तिने टिपली. आयुकातील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. क्रॅब तेजोमेघातील स्पंदताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीभवन तिने मोजले. २०२३ च्या अखेरपर्यंत तिच्या एका उपकरणाने सहाशे गॅमा किरण स्फोटांची नोंद केली होती. आदित्यावरील ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण आयुकाने विकसित केली आणि तिने २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्याच्या संपूर्ण बिंबाची चित्रे मिळविली.

मात्र या यशामागील कालावधी पाहिला पाहिजे. ॲस्ट्रोसॅटच्या आखणीपासून प्रक्षेपणापर्यंत दीड दशकाहून अधिक काळ गेला. आदित्याची मूळ कल्पना २००८ च्या सुमाराची, तर प्रक्षेपण २ सप्टेंबर २०२३ चे. एका संशोधकाच्या कारकिर्दीत अशी एखाददुसरी मोहीमच पूर्ण होऊ शकते. उपकरणे घडविण्याचे कौशल्य ग्रंथांतून संक्रमित होत नाही. ते प्रयोगशाळेत हाताखाली शिकणाऱ्या पिढीकडे जाते. दोन मोहिमांतील अंतर वाढले की ही परंपरा खंडित होते आणि पुढच्या पिढीस पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो.

याचा आजचा कसोटीचा विषय ‘दक्ष’ हा आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या पुढाकाराने मांडलेल्या या प्रस्तावात गॅमा किरण स्फोट आणि गुरुत्वीय लहरींच्या स्रोतांतून येणारे उच्च ऊर्जेचे प्रारण टिपणाऱ्या दोन उपग्रहांची कल्पना आहे. दोन उपग्रह का, याचे उत्तर १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत मिळते. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून गुरुत्वीय लहरी आल्या आणि सुमारे पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट नोंदला गेला. त्या क्षणी तो स्रोत ॲस्ट्रोसॅटच्या दृष्टीने पृथ्वीआड होता. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह असतील तर आकाशाचा कोणताही भाग असा झाकला जाणार नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मान्यता मिळाली आहे. गुरुत्वीय लहरींची चाहूल हिंगोलीत लागावी आणि त्या स्रोताचा प्रकाश भारतीय उपग्रहाने टिपावा, असा हा योग आहे. परंतु तो वेळेवर अवलंबून आहे. जमिनीवरील वेधशाळा सुरू झाली आणि अवकाशात तिचा जोडीदार नसेल, तर २,६०० कोटींच्या गुंतवणुकीचा पुरेपूर लाभ इतर देशांच्या उपग्रहांना होईल. अग्रक्रमाचा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही. दहा वर्षे उशिरा झालेली मान्यता ही अशा मोहिमेच्या बाबतीत नकाराहून फारशी वेगळी नसते.

ज्ञानाच्या वाटपाचा प्रश्न

आणखी एक कसोटी महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान किती जणांपर्यंत पोहोचते? ॲस्ट्रोसॅटच्या संग्रहित निरीक्षणांचा साठा सप्टेंबर २०१८ पासून सर्वांसाठी खुला करण्यात आला. मुळशी तालुक्यातील माण हे गाव या दृष्टीने विचारात घ्यावे. त्याच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार झाला. संगणक व संगणकप्रणाली यांचे ज्ञान असलेले मनुष्यबळ तेथे विपुल आहे, आणि आयुका तेथून फार दूर नाही. अशा परिसरातील महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र विभाग कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय, केवळ संगणकाच्या साहाय्याने, या निरीक्षणांवर पदव्युत्तर प्रकल्प करू शकतो. अंतराळवीराच्या अनुभवाचे असे वाटप होऊ शकत नाही. त्याचे भाषण ऐकता येते, त्यापासून स्फूर्ती घेता येते. परंतु त्यावर विद्यार्थ्याला स्वतःचे संशोधन उभे करता येत नाही. मानवी मोहिमेतील सूक्ष्मगुरुत्वाकर्षणाचे प्रयोगही असेच खुले होऊ शकतील, परंतु त्यासाठी विद्यापीठांचा सहभाग आरंभापासून नियोजनात असावा लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘मानव की यंत्र’ ही विभागणी अग्रक्रम ठरविण्यास पुरेशी नाही. प्रत्येक मोहिमेचा हेतू ज्ञानप्राप्ती, सामर्थ्यनिर्मिती की लोकोपयोग, हे आधी स्पष्ट व्हावयास हवे.

२) गगनयान ही प्रामुख्याने सामर्थ्यनिर्मितीची मोहीम आहे. तिचे समर्थन आणि मूल्यमापन त्याच निकषावर व्हावे. तिला वैज्ञानिक मोहीम म्हणून पुढे करणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे.

३) ज्ञानप्राप्तीच्या हेतूसाठी, आजच्या स्थितीत व भारताच्या साधनांत, मानवरहित मोहिमांनाच अग्रक्रम मिळणे योग्य ठरते. चंद्रावरील क्षेत्रीय भूविज्ञान हा याला संभाव्य अपवाद आहे, आणि २०४० च्या चांद्रमोहिमेत भूवैज्ञानिकाचा समावेश होतो की नाही यावरून तिचा हेतू ओळखता येईल.

४) विज्ञानमोहिमांसाठी निधीबरोबरच मनुष्यबळ व प्रक्षेपणाची संधी यांचा राखीव वाटा असावा. मानवी मोहिमेच्या विलंबाचा वा वाढत्या खर्चाचा भार त्या वाट्यावर पडू नये.

५) ‘दक्ष’सारख्या प्रस्तावांवरील निर्णयास कालमर्यादा असावी. नकार द्यावयाचा असेल तर तोही वेळेत मिळावा, म्हणजे संशोधकांना अन्य मार्ग शोधता येतील.

शुक्र मोहीम, चांद्रयान-४ आणि गगनयान यांना जवळपास एकाच वेळी मान्यता देऊन शासनाने दोन्ही मार्ग खुले ठेवले आहेत, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु सर्व कामांना एकदम मान्यता देणे म्हणजे अग्रक्रम ठरविणे नव्हे. साधने अपुरी पडतील तेव्हा कोणते काम थांबेल, हे आधीच जाहीर केलेले असले तरच त्यास अग्रक्रम म्हणता येईल. तसे झाले नाही, तर तो निर्णय धोरणाने न होता विलंबाने होईल, आणि त्याची किंमत पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांतील पुढच्या पिढीस मोजावी लागेल.